किल्ली सगळ्यांची, सही जिची तिची

शेतातून येऊन आत्ताच टेकलेल्या मावश्यांना, धारेची वेळ सांभाळून रेडिओ लावलेल्या वहिनींना आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमचा नमस्कार.

आज आम्ही वायफायच्या पासवर्डबद्दल बोलणार आहोत. हा पोरांचा विषय, यात आपलं काय, असं म्हणून रेडिओ बंद करू नका. या एका शब्दापायी आमच्या ग्रामसंघात चार बैठका एक बाई आली नाही, आणि चूक तिची नव्हती, आमची होती. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या ग्रामसंघाची एक खोली आहे. तिथं दोन वर्षांपूर्वी वायफाय घेतलं. गटांची माहिती भरायची, बँकेचे मेसेज बघायचे, चटणी-पापडाच्या ऑर्डरी घ्यायच्या, सगळं त्यावरच. जोडणाऱ्या मुलानं विचारलं, "पासवर्ड काय ठेवू?" आम्ही ग्रामसंघाचं नाव सांगितलं आणि पुढं एक-दोन-तीन. सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून तो कागदावर लिहून भिंतीला डकवला. ग्रामसंघाचा ईमेल उघडला तेव्हा त्यालाही तोच ठेवला. म्हटलं, एकच बरा, विसरायला नको.

दिवाळीच्या तोंडावर चाळीस किलो चटणीची ऑर्डर होती. मिरच्या वाळवून तयार, कांदा-लसूण सोलून तयार, आणि सकाळी ईमेल उघडला तर उघडेना. पासवर्ड कुणीतरी बदललेला. खातं परत हातात यायला दोन दिवस गेले. आत बघतो तर ऑर्डरीची पत्रं पुसलेली. गिऱ्हाईकानं तोवर दुसरीकडून माल घेतला होता.

मग सुरू झालं, कुणी केलं? आमच्यातल्या एका आक्काचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. झालं, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे. तोंडावर कुणी बोललं नाही, पण तिला कळायचं ते कळलं. ती एवढंच म्हणाली, "मी न्हाई सांगितलं कुणाला. पर तुमी आधीच ठरवून बसलायसा." आणि उठून गेली. पुढच्या चार बैठका ती आली नाही. बचत मात्र दर वेळी शेजारणीच्या हाती पाठवायची. तेच आम्हाला जास्त लागलं.

नंतर एक दिवस आमच्यातलीच एकजण मोबाइलमधले फोटो बघत होती. आठ मार्चच्या कार्यक्रमाचा आमचा सगळ्यांचा फोटो, हसऱ्या चेहऱ्यांचा. आणि आमच्या मागं भिंतीवर तो कागद, अक्षर न् अक्षर वाचता येईल असा. तो फोटो आम्ही सगळ्याजणींनी स्टेटसला ठेवला होता! म्हणजे आमच्या ईमेलचा पासवर्ड आम्ही स्वतः गावभर वाटला होता.

आम्ही तिच्या घरी गेलो, माफी मागितली. ती परत आली. पण एक प्रश्न मनात राहिला: आम्ही एवढ्या शहाण्या बायका, हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही. मग इथं कुठं चुकलो? विचार केल्यावर कळलं की चूक शब्दात होती. वायफायचा जो "पासवर्ड" म्हणतो, तो खरं म्हणजे पासवर्ड नाहीच. ती सामायिक किल्ली आहे. आणि ईमेलचा पासवर्ड ही सही आहे. किल्ली आणि सही यांना आपण एकच नाव दिलं आणि दोन्ही एकाच खिळ्याला टांगल्या.

आता हा फरक नीट बघू.

समाजमंदिराची किल्ली डोळ्यापुढं आणा. एक कुलूप, त्याच्या चार किल्ल्या, चार घरी. किल्ली असेल त्याला कुलूप उघडतं. कुलूप विचारत नाही, तू कोण. आत सतरंजी कमी निघाली तर कुलूप सांगू शकत नाही की कुणी नेली. आता बँकेचं बघा. गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर ठरलेल्या पदाधिकारी बायकांच्या सह्या लागतात. सही कागदावर राहते. उद्या प्रश्न आला तर दाखवता येतं, या तारखेला यांनी सही केली.

वायफायचा शब्द समाजमंदिराच्या किल्लीसारखा. तो एवढंच सांगतो की आत येणाऱ्याजवळ किल्ली आहे. ईमेलचा, बँकेच्या ॲपचा पासवर्ड किंवा पिन सहीसारखा. तो सांगतो, ही अमुक बाई. किल्ली वाटण्यासाठीच असते, सही कधीच वाटायची नसते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला हा भेद नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा मोठा प्रकल्प सुरू झाला, कोल्हापूर आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतली गावं त्यात होती. केंद्रातला संगणक गावाचा, पण त्यावर शेतकरी बघायचा ती स्वतःच्या उसाची नोंद आणि स्वतःच्या बिलाचा हिशेब. रोजचं उदाहरण हवं तर दूध संस्थेत बघा. दार सगळ्यांना एकच, पण दूध घालताना प्रत्येकीचा कोड नंबर वेगळा. म्हणून फॅट कुणाची किती लागली ते कळतं आणि बिल बरोबर माणसाला मिळतं. सगळ्या गावानं एकाच कोडवर दूध घातलं तर काय गोंधळ होईल? वायफायवर आपण नेमकं तेच करत असतो.

कुणी म्हणेल, राउटरमध्ये यादी दिसते की, कोण कोण जोडलेलं आहे ते. दिसते. पण त्या यादीत फोन दिसतात, माणसं दिसत नाहीत. फोनचं नाव कुणालाही बदलता येतं. नवे फोन तर वायफायला जोडताना आपला खरा क्रमांक लपवून वेगळाच देतात. म्हणून त्या यादीवरून कुणावर बोट ठेवू नका.

या गोष्टीचा फटका किती मोठा बसू शकतो ते महाराष्ट्रानं बघितलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तर तो नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातल्या इंटरनेटवर पोचला. घरात राहणारा माणूस परदेशी नागरिक होता. ईमेल त्यानं पाठवला नव्हता, त्याच्या वायफायचा दुसऱ्याच कुणीतरी वापर केला होता. पण चौकशी झाली ती त्याचीच. कारण बाहेरच्या जगाला फक्त जोडणी दिसते आणि जोडणी ज्याच्या नावावर तोच आधी सापडतो. पुढच्या वर्षी मुंबई पोलिसांनी उघड्या वायफायचा शोध घ्यायची मोहीमही काढली. आता विचार करा, आपल्या ग्रामसंघाची जोडणी कुणाच्या नावावर आहे? बहुधा अध्यक्षबाईंच्या. मग किल्ली कुणाकुणाकडे आहे हे त्यांना ठाऊक असायला नको का?

आता ही किल्ली आतून कशी चालते, ते थोडक्यात. घाबरू नका, गुऱ्हाळ बघितलेल्या बाईला हे लगेच कळेल.

आपण जो शब्द देतो तो आठ ते त्रेसष्ट अक्षरांचा असू शकतो. राउटर तो शब्द आणि वायफायचं नाव एकत्र घेतो आणि ते ४०९६ वेळा गणितातून घोटून काढतो. त्यातून खरी किल्ली तयार होते. उसाचा रस काढला, काहिलीत आटवला, गूळ झाला. गुळाची परत कांडी करता येत नाही, तसं किल्लीवरून शब्द काढता येत नाही. आपला फोनही तेच घोटकाम करतो, म्हणून दोघांकडे एकच किल्ली तयार होते.

जोडणी होताना शब्द हवेतून जात नाही. राउटर एक आकडा पाठवतो, फोन आपला एक आकडा पाठवतो, आणि दोघेही आपापल्या किल्लीनं गणित करून उत्तर जुळतं का ते बघतात. जुळलं की त्या फोनपुरती, त्या वेळेपुरती एक तात्पुरती किल्ली बनते. इथपर्यंत सगळं छान.

पण त्यात दोन खोडी आहेत, आणि दोन्ही किल्ली सामायिक असल्यामुळं आहेत.

पहिली खोड. वायफायच्या लहरी भिंतीशी थांबत नाहीत. रस्त्यावर उभा राहिलेला माणूस ते आकड्यांचं बोलणं टिपून घेऊ शकतो. मग घरी जाऊन संगणकाला लावतो, हा शब्द घालून बघ, तो शब्द घालून बघ. आपल्याला पत्ताही लागत नाही. एटीएमचा पिन चारच आकडी असतो, तरी चालतो. का? कारण तीन वेळा चुकला की बँक कार्ड बंद करते. त्या पिनच्या मागं बँक राखण बसलेली असते. वायफायचं बोलणं टिपून घरी नेलेल्याला थांबवणारं कुणी नाही. तो लाख वेळा चुकू शकतो.

म्हणून कितीतरी घरांत मोबाइल नंबर हाच वायफायचा शब्द असतो, ते सगळ्यात वाईट. आपले मोबाइल नंबर सहा, सात, आठ नाहीतर नऊनं सुरू होतात. म्हणजे असे नंबर होऊन होऊन होतील ४०० कोटी. आपल्याला तो आकडा डोंगराएवढा वाटतो, पण चांगल्या मशीनला ते काही तासांचं काम आहे. आणि तुमचा नंबर तर गावात सगळ्यांकडे असतो, त्याला मशीन तरी कशाला हवं?

दुसरी खोड. ज्याला शब्द माहीत आहे आणि ज्यानं तुमच्या फोनचं पहिलं बोलणं टिपलं आहे, त्याला तुमची तात्पुरती किल्लीही काढता येते. म्हणजे एकाच सामायिक किल्लीवरची माणसं एकमेकांपासून पूर्ण आडोशाला नसतात. बँकेची ॲप आणि चांगल्या वेबसाइट यांचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं, पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस लिहिलेलं असतं ते. त्यामुळं व्यवहार उघडा पडत नाही. तरी "वायफायला पासवर्ड आहे म्हणजे आपण सुरक्षित" असं मानून कुठल्याही अनोळखी दुकानातल्या वायफायवर बँकेचं काम करू नका. त्यापेक्षा आपल्या सिमचं नेट बरं.

या खोडी काढायचं काम जगभर चालूच आहे. १९९७ साली वायफाय आलं तेव्हा डब्ल्यूईपी नावाचं कुलूप होतं. २००१ मध्ये ते फोडून दाखवलं गेलं. २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए २, तेच आजही बहुतेक घरांत आहे. २०१८ मध्ये डब्ल्यूपीए ३ आलं. त्यात बोलणं टिपून घरी नेऊन काही उपयोग नाही. शब्द ओळखायचा तर दर वेळी दारात येऊन विचारावं लागतं. आणि शब्द माहीत असला तरी शेजारणीचं बोलणं उलगडत नाही. तेव्हा वायफाय जोडायला माणूस आला की त्याला विचारा, "यात डब्ल्यूपीए ३ आहे का?" असेल तर तेच लावून घ्या. जुने फोन जोडले जात नसतील तर दोन आणि तीन मिळून असलेला पर्याय असतो, तो घ्या. जुनं डब्ल्यूईपी किंवा बिनकुलपाचं वायफाय मात्र नको.

तुम्ही म्हणाल, मग वायफायलाही जिची तिची सही का नाही? तशी सोय आहे. मोठ्या कंपन्यांत, विद्यापीठांत प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड असतो. कुणी नोकरी सोडली की त्याचं एकट्याचं नाव काढायचं, बाकीच्यांना काही त्रास नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये पीएम-वाणी योजना मंजूर केली, चहाच्या टपरीवर, किराणा दुकानातही सार्वजनिक वायफाय मिळावं म्हणून. तिथंही आत जाताना माणसाची स्वतःची ओळख लागते, भिंतीवरच्या शब्दानं काम होत नाही.

पण आपल्यासारख्या दहा-बारा गटांच्या खोलीत ती सोय लावायची तर वेगळी यंत्रणा आणि ती सांभाळणारा माणूस लागतो. आपल्याला सामायिक किल्लीच परवडते. ती वाईट नाही. आपला गट तरी दुसरं काय आहे? सामायिक पैसाच ना? पण सामायिक पैशाला आपण नियम केले, म्हणून तो टिकला. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखी नोंद, ही पंचसूत्री आपण पाठ केली. सामायिक किल्लीलाही नियम हवेत. आमच्या ग्रामसंघानं ठराव करून जे नियम केले ते सांगतो. वही-पेन घ्या.

एक. भिंतीवरचा कागद काढला. फोनवर चौकोनी ठिपक्यांचा जो क्यूआर कोड दिसतो, त्यातही तोच शब्द लपलेला असतो, फोननं वाचला की कळतो. म्हणून त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही.

दोन. शब्द लांब केला. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द, इंग्रजी अक्षरांत सलग लिहून. जात्यावरचा एक, आकाशातला एक, बाजारातला एक, असे. गावाचं नाव नाही, मुलांची नावं नाहीत, जन्मतारीख नाही, मोबाइल नंबर नाही. वायफायचं नावही बदललं, कारण तेही किल्लीत घोटलं जातं. कंपनीनं दिलेलं नाव हजारो घरांत सारखं असतं.

तीन. एक किल्ली-वही केली. शब्द कुणाकुणाला दिला, कधी बदलला, एवढंच त्यात. शब्द स्वतः त्यात लिहायचा नाही. दर सहा महिन्यांनी बदलायचा, आणि कुणी पद सोडलं, गाव सोडलं की लगेच बदलायचा. यात कुणाचा अपमान नाही. सचिव बदलल्यावर बँकेत सह्या बदलतो तेव्हा जुन्या सचिवबाईला राग येतो का?

चार. पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय. बहुतेक नव्या राउटरमध्ये ही सोय असते. अभ्यासाला येणारी पोरं, मालाची गाडी घेऊन येणारे, प्रशिक्षणाला येणारे, यांच्यासाठी वेगळं नाव आणि वेगळा शब्द. तो शब्द कुणालाही सांगा, आपल्या कामाचं वायफाय बाजूला राहतं.

पाच. राउटरच्या आतल्या सेटिंगचा एक स्वतंत्र पासवर्ड असतो. बऱ्याच ठिकाणी तो विकत घेतला तेव्हाचाच, कुणीही ओळखेल असा राहतो. तो बदलून घेतला. तो दोघीजणींनाच माहीत आहे आणि बंद पाकिटात घालून पेटीत ठेवला आहे.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वायफायचा शब्द दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. ईमेलला वेगळा, बँकेला वेगळा, स्वतःच्या फोनला वेगळा. आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. नवऱ्याला नाही, पोराला नाही, आणि "ताई, मीच करून देतो" म्हणणाऱ्या चांगल्या माणसालाही नाही. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी प्रमाणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑनलाइन पैशाची फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आमच्या आक्कानं परत आल्यावर पहिल्या बैठकीत एक गोष्ट मागितली. ती म्हणाली, "किल्ली-वही माझ्याकडं द्या." आम्ही दिली. आता दर सहा महिन्यांनी शब्द तीच बदलते. तिचा मुलगा विचारतो, "आई, काय ठेवलास गं?" तर म्हणते, "तुझं नाव वहीत न्हाई, बाबा."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की पाच मिनिटं यासाठी द्या. आपल्या वायफायचा शब्द आणखी कुठं कुठं लावलाय, तेवढं प्रत्येकीनं आठवून बघा. जिथं किल्ली आणि सही एकच निघेल, तिथं त्याच दिवशी बदला. आणि काही हरवलं, काही बिघडलं, तर एकमेकींकडे संशयानं बघण्याआधी भिंतीकडे बघा.